मल्लवीर खाशाबा जाधव

बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे गाव आहे. गावाशेजारी काळ्या कातळात एक प्रचंड वर्तुळाकार विवर असून त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर भरतो. त्याविषयी तेथील लोक एक जुनी कथा सांगतात. या जागी जमिनीखाली लवणासुर नावाचा बलाढ्य दैत्य राहत असे व भोवतालच्या लोकांना छळत असे. तेव्हा भगवान विष्णूंनी एका सुकुमार तरुणाचे रूप घेतले आणि त्या दैत्याचा नाश केला. गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर या कथेची आठवण देत आजही उभे आहे. शास्त्रज्ञ मात्र सांगतात, की फार पूर्वी आकाशातून एक उल्का येथे येऊन आदळली आणि तिच्या आघाताने हे विवर निर्माण झाले. विवराच्या मानाने ती उल्का पुष्कळच लहान होती.

कथा ऐकणाऱ्या मुलांना दैत्यापेक्षा तो कोवळा तरुण अधिक आवडतो. लहानाने मोठ्यास जिंकावे, यात बालमनाला मोठा आनंद वाटतो. पण हा आनंद केवळ पुराणकथेतच मिळतो असे नाही. आपल्याच महाराष्ट्रात, एका लहानशा खेड्यात, बेताच्या उंचीचा एक मल्ल जन्माला आला. त्याच्या वाटेत दैत्य नव्हते; परंतु दारिद्र्य होते, उपेक्षा होती आणि अन्यायही होता. या सर्वांशी झुंज देऊन त्याने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

सातारा जिल्ह्यात कृष्णा आणि कोयना या नद्यांचा जेथे संगम होतो, तेथे कराड हे शहर वसले आहे. कराडच्या जवळच गोळेश्वर नावाचे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे पंचक्रोशीत नाव असलेले पैलवान होते. आजोबांनीही आखाडा गाजवला होता. घर शेतकऱ्याचे. संपत्ती म्हणावी अशी काही नव्हती. परंतु कुस्तीची विद्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. खाशाबा पाच वर्षांचे होतात न होतात तोच वडिलांनी त्यांना आखाड्याची माती दाखवली. पुढे बेलापुरे गुरुजी आणि बाबूराव बलवडे यांच्यासारखे वस्ताद त्यांना लाभले.

आखाड्यातील शिक्षण कसे असते, ते शहरातील पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. तालमीच्या मध्यभागी एक हौदा असतो. त्यात तांबडी माती चाळून घालतात. ती मऊ राहावी व अंगाला बाधू नये म्हणून तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मिसळतात. एका भिंतीशी हनुमंताची मूर्ती किंवा तसबीर असते. दिवस उजाडण्यापूर्वीच मल्ल तेथे जमतात, मारुतीरायाला नमस्कार करतात, माती कपाळाला लावतात आणि मग जोर-बैठकांना आरंभ होतो. शेकड्यांनी जोर काढायचे, शेकड्यांनी बैठका मारायच्या, हौद्यातील माती खोऱ्याने उकरायची, आणि त्यानंतर जोडीदाराबरोबर लढत करायची. कालचे अंग आज ठणकत असले, तरी आजचा मेहनतीचा पाठ चुकवायचा नाही, हा तालमीचा पहिला नियम. ज्याला हा नियम पाळता येत नाही, तो कितीही धिप्पाड असला तरी पैलवान होत नाही. वडिलांच्या आणि वस्तादांच्या नजरेखाली खाशाबा हा नियम शिकले, आणि तो त्यांनी जन्मभर पाळला.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुस्तक आणि आखाडा या दोहोंना त्यांनी सारखाच मान दिला. ते शाळेत असतानाच १९४२ साली देशभर ‘छोडो भारत’ची चळवळ पेटली. सातारा जिल्हा तर या लढ्यात अग्रभागी होता. खाशाबांनीही क्रांतिकारकांना आसरा देण्याच्या आणि त्यांची पत्रे पोहोचविण्याच्या कामात आपला वाटा उचलला. देहात बळ असले म्हणजे त्याचा उपयोग कोणासाठी करावयाचा, हे त्या दिवसांनी त्यांना शिकवले असले पाहिजे.

शालेय शिक्षण आटोपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. छत्रपती शाहू महाराजांनी या विद्येला उदार आश्रय दिला होता. त्यांनी बांधविलेल्या खासबाग मैदानात हजारो प्रेक्षक मातीतील कुस्त्या पाहावयास जमत असत. अशा नगरीत खाशाबा आले. परंतु आरंभीच त्यांना एक कडू घास गिळावा लागला.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या. खाशाबांनी कुस्तीसाठी नाव द्यावे म्हणून क्रीडाशिक्षकांकडे धाव घेतली. त्यांची उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगकाठीही सडसडीत. हा मुलगा पैलवान असेल, असे शिक्षकांना वाटेना. त्यांनी नाव घेण्यास नकार दिला. दुसरा एखादा मुलगा खिन्न होऊन घरी गेला असता. खाशाबांनी वाद घातला नाही आणि माघारही घेतली नाही. ते थेट प्राचार्यांकडे गेले व आपल्याला केवळ एक संधी द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. प्राचार्यांनी ती मान्य केली. खाशाबा हौद्यात उतरले आणि आपल्याहून मोठ्या, अनुभवी मल्लांना एकामागून एक चीत करून त्यांनी सर्वांस थक्क करून सोडले.

त्यांच्या यशाचे रहस्य कशात होते? बळ तर होतेच. परंतु त्याहून अधिक होती ती चपळाई आणि डावांवरील हुकमत. ‘ढाक’ हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून धरायची आणि निमिषार्धात त्याला आपल्या अंगावरून फेकून जमिनीवर आदळायचे, असा हा डाव आहे. त्यात ताकदीपेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असते. क्षण चुकला, की डाव फसतो. खाशाबांचा क्षण सहसा चुकत नसे. पुढे परदेशातील लोक त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणू लागले. खिशात मावेल एवढे, पण विजेने भारलेले यंत्र, असा त्याचा अर्थ.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. भारत स्वतंत्र होऊन पुरते एक वर्षही झाले नव्हते. खाशाबांची निवड झाली आणि प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. आजवर त्यांचे पाय मातीत रोवले जात होते. लंडनला जाऊन पाहतात तो काय, तेथे माती नव्हतीच! गादीवर कुस्ती खेळावयाची होती. मातीत पाय रुततो, गादीवर तो घसरतो. मातीतील कुस्ती एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत चाले. गादीवर वेळेची मर्यादा आणि प्रत्येक पकडीला गुण. नियम निराळे, पंच निराळे, भाषाही निराळी.

अमेरिकेचे नामांकित मल्ल रीस गार्डनर यांच्याकडून त्यांना या नव्या पद्धतीचे थोडे मार्गदर्शन मिळाले. तेवढ्या शिदोरीवर खाशाबा गादीवर उतरले. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला हरवले, अमेरिकेच्या मल्लालाही हरवले. शेवटी इराणच्या मल्लापुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली. आपल्या वजनी गटात त्यांना सहावा क्रमांक मिळाला. ज्या तरुणाने गादीवरील कुस्तीचा सराव कधी केलाच नव्हता, त्याने जगात सहावे यावे, हे लहानसहान यश नव्हे. पण खाशाबांचे समाधान झाले नाही. आपण कोठे कमी पडलो, हे त्यांनी नीट ध्यानात ठेवले होते. पुढील ऑलिंपिकला चार वर्षे होती. ती चारही वर्षे मेहनतीत घालवावयाची, असा निश्चय करून ते परतले.

ती चार वर्षे त्यांनी कशी घालवली असतील, याची कल्पना करून पाहा. आज खेळाडूंना प्रशिक्षक असतात, वैद्य असतात, आहाराची काळजी वाहणारे तज्ज्ञ असतात. खाशाबांजवळ यांतले काहीही नव्हते. होती ती तालीम, वस्तादांची शिकवण आणि घरच्या माणसांचा विश्वास. लंडनच्या वेळेपेक्षा वरच्या, म्हणजे सत्तावन्न किलोच्या गटात उतरण्याची तयारी त्यांनी केली.

१९५२ साल उजाडले. या वेळी ऑलिंपिक सामने फिनलंड देशात, हेलसिंकी या शहरी व्हावयाचे होते. देशातील मल्लांची निवड सुरू झाली आणि खाशाबांपुढे एक निराळेच संकट उभे राहिले. निवडीच्या कुस्तीत त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आले. हा निर्णय न्याय्य नाही, असे खाशाबांना मनापासून वाटत होते. अशा वेळी माणूस एक तर संतापाने तोल सोडतो, नाही तर नशिबाला बोल लावून गप्प बसतो. खाशाबांनी तिसरा मार्ग धरला. पतियाळाचे महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे जाणकार. त्यांनी पुन्हा कुस्ती लावण्याची व्यवस्था केली. या वेळी खाशाबांनी आपला प्रतिस्पर्धी निरंजन दास याला असे निर्विवादपणे चीत केले, की गुणांचा प्रश्नच उरला नाही. त्यांचे नाव भारतीय संघात दाखल झाले.

निवड झाली, पण जावयाचे कसे? हेलसिंकीपर्यंतच्या प्रवासाला काही हजार रुपये हवे होते. आज हा आकडा मोठा वाटत नसेल, परंतु त्या काळी सामान्य शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम दिसणेही दुरापास्त होते. खाशाबांनी सरकारदरबारी अर्ज केले. त्यातून गरज भागेल एवढी मदत मिळेना. दिवस तर भराभर चालले होते. मग खाशाबांनी झोळी पसरली. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. घरच्या माणसांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. कोणी थोडे दिले, कोणी अधिक दिले. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेलसिंकीचे नावही पूर्वी ऐकले नसेल. आपला खाशाबा आपल्या देशासाठी लढावयास निघाला आहे, एवढेच त्यांना पुरेसे होते.

तरीही रक्कम पुरी पडेना. तेव्हा जे घडले, ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांच्या प्रवासासाठी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. हा विद्यार्थी जिंकेल, अशी हमी त्यांना कोण देणार होते? आखाड्यात एका क्षणात होत्याचे नव्हते होते. खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते, तर? परंतु गुरूच्या मनाला हा हिशेब शिवला नाही. मुलाच्या शिक्षणासाठी बाप जसा घर गहाण टाकतो, तसे त्यांनी ते टाकले. माणसाचे कुटुंब केवळ रक्ताच्या नात्याने बनत नाही, याचे याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण.

अशा रीतीने खाशाबा हेलसिंकीला पोहोचले. त्यांच्या पाठीवर साऱ्या गावाचे ओझे होते. गावकऱ्यांनी दिलेला एकेक रुपया आणि गुरूचे गहाण पडलेले घर, हे सारे त्यांच्याबरोबर गादीवर उतरले असेल. दुसरा एखादा या ओझ्याखाली वाकला असता. खाशाबांनी त्याचेच बळ केले.

त्यांनी कॅनडाच्या मल्लाला हरवले. मेक्सिकोच्या मल्लाला हरवले. जर्मनीच्या मल्लालाही नमवले. चपळ हालचाली आणि अनपेक्षित डाव पाहून प्रेक्षक चकित झाले. आता पुढे उभे होते ते जगातील दोन श्रेष्ठ मल्ल, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामादबेयोव्ह. या टप्प्यावर दैवाने खाशाबांशी पुन्हा एकदा कठोर व्यवहार केला. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास तरी विश्रांती मिळावी, असा नियम होता. एक दीर्घ, दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना दुसऱ्या कुस्तीसाठी बोलावण्यात आले. त्यांची बाजू मांडावयास त्या वेळी एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेच्या लोकांत, एकटा मल्ल कोणाशी भांडणार? थकलेल्या अंगाने खाशाबा लढले. दोन्ही कुस्त्या त्यांच्या हातून गेल्या. इशीला सुवर्णपदक मिळाले, मामादबेयोव्हला रौप्य, आणि खाशाबांना कांस्यपदक.

तो दिवस होता २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या कोणाही खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघानेही सुवर्णपदक जिंकले, आणि देशाचे लक्ष साहजिकच तिकडे अधिक होते. परंतु गोळेश्वर आणि कराडचे लोक मात्र आपल्या मल्लाची वाट डोळ्यांत प्राण आणून पाहत होते.

खाशाबा परतले, तेव्हा कराड स्थानकावर माणसांचा पूर लोटला होता. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, पुढे वाजंत्री आणि सभोवती गुलाल. त्या मिरवणुकीतून खाशाबांना गावी नेण्यात आले. स्थानकापासून गोळेश्वरची वाट ती केवढी! एरवी पाव तासात संपणारी. पण त्या दिवशी तिला तब्बल सात तास लागले. राजधानीत झाले नसेल असे स्वागत त्या खेड्याने आपल्या मुलाचे केले. ज्यांनी वर्गणी दिली होती, त्या प्रत्येकाला ते पदक थोडेसे आपलेही वाटत होते, आणि ते खरेही होते.

मिरवणूक संपली, गुलाल खाली बसला, वाजंत्री थांबली. जगात पुष्कळांची कथा येथेच संपते. खाशाबांची कथा येथे संपत नाही. उलट त्यांचा खरा मोठेपणा येथेच दिसून येतो. गळ्यातील हारांच्या खाली त्यांच्या मनात एक गोष्ट बोचत होती. खर्डेकर गुरुजींचे घर अजून गहाण होते. पदकाला बाजारात मोल नसते. ऑलिंपिकमध्ये विजेत्याला तेव्हा बिदागी मिळत नसे. सरकारकडूनही तेव्हा आजच्यासारखी मोठाली बक्षिसे मिळत नसत. मग हे ऋण फेडावयाचे कसे?

खाशाबांनी पुन्हा लंगोट कसला. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यात स्वतः कुस्त्या खेळले. ऑलिंपिकवीराची कुस्ती पाहावयास लोकांची गर्दी लोटली. तिकिटांचा जो पैसा जमला, त्यातून खाशाबांनी प्राचार्यांची रक्कम परत केली आणि त्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. जग जिंकून आलेल्या मल्लाने आपल्या कमाईचा पहिला घास गुरूच्या पानात वाढला. हेलसिंकीतील पदक मोठे होते, यात शंका नाही. परंतु ज्या दिवशी ते घर मोकळे झाले, त्या दिवशी खाशाबांनी जिंकलेली कुस्ती त्याहून लहान होती, असे कोण म्हणेल?

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे ऑलिंपिकच्या गादीवर त्यांना पुन्हा उतरता आले नाही. तथापि पोलीस दलाच्या स्पर्धांत त्यांनी नाव मिळवले आणि तरुण मल्लांना मार्गदर्शनही केले. सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी पोलीस खात्यात सेवा केली. बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले. सेवेच्या अगदी अखेरच्या काळात ते सहायक पोलीस आयुक्त झाले. ज्याने देशाला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, त्याच्या वाट्याला मानसन्मान फारसे आले नाहीत. निवृत्तिवेतनासाठीसुद्धा त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ साली दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा क्रीडाज्योत घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना स्थान मिळाले. त्या वेळी ते छप्पन्न वर्षांचे होते.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील एका अपघातात खाशाबांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. ज्या मल्लाने स्वतंत्र भारताचे नाव जगाच्या आखाड्यात प्रथम कोरले, तो त्या सणाच्या आदल्याच दिवशी निघून गेला.

देशाला त्यांची आठवण उशिरा झाली. महाराष्ट्र शासनाने त्यांना १९९२-९३ सालचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर दिला. भारत सरकारने २००० सालचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तरच दिला. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. खाशाबांच्या पदकाची थोरवी कळण्यास आणखी एक हिशेब पुरेसा आहे. त्यांच्यानंतर दुसऱ्या भारतीय खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे जावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे टेनिसपटू लिएंडर पेस यांनी ते मिळवले. कुस्तीत दुसरे पदक येण्यास तर २००८ साल उजाडावे लागले. आणि महाराष्ट्राच्या मातीतील दुसरा खेळाडू वैयक्तिक पदकापर्यंत पोहोचला तो २०२४ साली. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा खाशाबांच्या विजयाला बहात्तर वर्षे लोटली होती. त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पुन्हा एकदा खाशाबांचे नाव घेतले.

बालमित्रांनो, खाशाबांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? तुम्हांपैकी प्रत्येकजण मल्ल होणार नाही, आणि प्रत्येकाला पदकही मिळणार नाही. पण अडचणी मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतील. तुमची उंची, तुमचे खेडे, तुमची गरिबी पाहून कोणीतरी तुम्हांला मागे सारील. अशा वेळी उर्मट न होता आणि खचून न जाता, शांतपणे पुन्हा एक संधी मागावी आणि ती मिळताच तिचे सोने करावे, हे खाशाबांनी आपल्या वागण्याने दाखवले आहे. आशा म्हणजे नुसती वाट पाहणे नव्हे. पहाटे उठून हौद्यातील माती उकरणाऱ्या मल्लाचे हात पाहिले, म्हणजे आशा कशी असते ते कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणाचेही यश त्याच्या एकट्याचे नसते. ते वडिलांच्या शिकवणीतून, घरच्यांच्या कष्टांतून, शेजाऱ्यांच्या मदतीतून आणि गुरूच्या विश्वासातून उभे राहते. हे ऋण पुष्कळ लोक विसरतात. खाशाबा ते विसरले नाहीत.

लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिले, म्हणजे एका लहानशा उल्केने केलेले ते महान कार्य पाहून मन थक्क होते. ती उल्का केव्हाच नाहीशी झाली. तिची खूण मात्र पृथ्वीवर कायमची राहिली. साडेपाच फूट उंचीचा तो मल्लही आता राहिला नाही. पण त्याने उमटवलेली खूण आपल्या देशाच्या इतिहासातून पुसली जाणार नाही.